निफाडला चढणाऱ्या बाई

आधीच सांगते, मी रस्त्यातलं लिंबू-मिरची सरळ तुडवून पुढं जाणारी बाई आहे. ऐन अमावस्येला स्कूटर घेऊन आले म्हणून सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. त्यामुळे हे वाचून हसू आलं तर खुशाल हसा... दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही हसले असते.

घर नाशिकरोडला, नोकरी मनमाडला. सोळा वर्षं अप-डाऊन. संध्याकाळी पाचच्या सुमारास परतीची पॅसेंजर, लेडीज डबा, आणि खिडकीजवळचे समोरासमोरचे दोन बाक आमचे — मी, सुनंदाताई, लता आणि रेश्मा. जी आधी चढेल तिनं रुमाल, ओढणी, डबा, जे हाताला लागेल ते टाकून बाकीच्यांची जागा धरायची. बूड टेकलं की पिशव्या उघडायच्या. मनमाडला स्टेशनबाहेर घेतलेली भाजी गाडीतच निवडून टाकायची, म्हणजे घरी गेल्यावर थेट फोडणी. जिचे हात रिकामे ती दुसरीची भाजी ओढून घेते. अनोळखी बाई शेजारी बसली तरी पाच मिनिटांत तिच्या हातात शेंगा असतात.

आणि माझी एक खोड, माणसं बघत बसायची. कोण कुठं उतरणार हे मी नुसतं बघून सांगते. लासलगावची आधी पायानं चपला शोधते, निफाडची पदर खोचून दोन मिनिटं आधीच उभी राहते, ओढ्याची शेवटपर्यंत झोपते आणि मग पळते. सुनंदाताई म्हणायच्या, "वैशाली, तू टीसी व्हायचीस ती चुकून क्लार्क झालीस."

मागच्या जानेवारीत निफाडहून एक बाई चढू लागल्या. रोज नाही, अधूनमधून. पन्नाशीच्या, नायलॉनची साडी, हातात रिकामी कापडी पिशवी. भूतबित काही नाही हो, चारचौघींसारख्या! पहिल्या दिवशी लताच्या मांडीवरचा मटार बघून म्हणाल्या, "आण इकडं, मी सोलते. लय कवळा हाय." असा भराभर सोलला, की आम्ही बघतच राहिलो. टरफलं मात्र बाहेर टाकली नाहीत, आपल्या पिशवीत भरली. दुसऱ्या दिवशी लता आली नाही. तिचे सासरे गेले होते. पंच्याऐंशीचे, वर्षभर अंथरुणाला खिळलेले. आम्ही म्हटलं, सुटले बिचारे.

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. चौघींच्याही मांडीवर भाजी होती, पण हात पुढं केला तो रेश्माच्याच पालकाकडं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्माचा भाऊ उठलाच नाही. बत्तीस वर्षांचा होता.

मी त्या दोन भाज्यांचा आणि दोन मरणांचा मेळ घातला. सुनंदाताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काहीतरीच काय! तू कधीपासून असलं मानायला लागलीस?" खरंच होतं त्यांचं. पण मला दुसरीच गोष्ट छळत होती. या बाई कुठं उतरतात ते मला कळत नव्हतं. निफाडपुढं सुकेणं, खेरवाडी, ओढा, मग आपलं नाशिकरोड. दुसऱ्या खेपेला मी टक लावून बसले होते. तरी ओढा गेल्यावर बघते तर जागा रिकामी... आणि दारातून गेलेलं कुणीच पाहिलेलं नाही.

फेब्रुवारीत माझ्या मिस्टरांची बायपास ठरली. आदल्या दिवशी मुलीला त्यांच्याजवळ दवाखान्यात बसवून मी रजेवर सही घ्यायला मनमाडला गेले. येताना सवयीनं मेथीची जुडी घेतली. गाडीत मी आणि सुनंदाताईच होतो. त्यांच्या मांडीवर गवार, पण निवडता निवडता त्यांचा डोळा लागलेला.

निफाडला त्या चढल्या. माझ्यासमोर बसल्या आणि हात पुढं केला. "आण ती मेथी. निवडते."

मी जुडी छातीशी धरून म्हटलं, "नको. माझी नको." त्यांनी हात मागं घेतला नाही. रागावल्या नाहीत, तसाच हात पुढं धरून बसल्या. सुकेणं आलं, गेलं. हात तसाच. आणि मी... मी सुनंदाताईंच्या मांडीवरची गवार उचलली आणि त्या हातात दिली. "ही घ्या ना, ही निवडा."

मला कुणी ढकललं नव्हतं. मीच दिली.

"बरं," एवढंच म्हणाल्या.

भानावर आले तसं मी ओरडले, "द्या इकडं, परत द्या!" तोवर शेवटची शेंग मोडून झाली होती. देठं त्यांच्या पिशवीत गेली होती. माझ्या आवाजानं सुनंदाताई जाग्या झाल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "अय्या, झालीसुद्धा? किती गुणाच्या हो तुम्ही!"

नाशिकरोडच्या जिन्यावर मी त्यांचा हात धरला. "ताई, पाया पडते, काकांना आजच्या आज डॉक्टरकडं न्या." त्या हसल्या. "अगं, टेन्शन तुझ्या घरी आहे. आमचे तर रोज पाच किलोमीटर चालतात." खरं कारण सांगायला तोंड उघडलं आणि 'सांभाळून जा' एवढंच म्हटलं. काय सांगणार होते... की मी तुमची गवार दिली?

सकाळी मी ऑपरेशन थिएटरबाहेर बसले असताना रेश्माचा फोन आला. सुनंदाताईंचे मिस्टर चालता चालता कोसळले, तिथंच गेले. फोन कानालाच होता तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "छान झालं, काळजी करू नका."

त्या बाई परत दिसल्या नाहीत. नवरा म्हणतो योगायोग आहे, मुलगी म्हणते मम्मी, तू स्ट्रेसमध्ये होतीस. असेल. त्या कोण होत्या, कुठं उतरायच्या, मेथीच दिली असती तर काय झालं असतं, मला काहीच सांगता येत नाही. पण ज्या हातानं गवार दिली तो माझाच होता, हे मला पक्कं माहीत आहे.

दीड महिन्यानं सुनंदाताई कामावर आल्या. परवा निफाडच्या आसपास त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुझे तरी वाचले गं, वैशाली. एकाच दिवशी दोघींवर ही वेळ आली असती, तर मला कुणी धरलं असतं?"

मी 'हो ताई' म्हणाले. आणि हात सोडवून घ्यायचंही धाडस झालं नाही.