एकमेव कमावता पुरुष

वकिलीची सनद घेऊन मी पनवेलला एका सीनियरांकडे लागले तेव्हा जामीन अर्ज म्हणजे टाइप करायचा मजकूर, एवढंच मला कळत होतं. 'अर्जदार हा कुटुंबातील एकमेव कमावता पुरुष असून त्याच्यावाचून कुटुंबाची उपासमार होत आहे' हे वाक्य प्रत्येक अर्जात असायचं. सायकलचोरापासून खुन्यापर्यंत सगळेच एकमेव कमावते.

नव्वदच्या सुमारास आमच्याकडे चरसाचं प्रकरण आलं. उरणकडचा एक टेंपोवाला कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ पकडला गेला होता. पत्र्यांखाली चरसाच्या दोन गोण्या सापडल्या होत्या. गोण्यांचं आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं त्याचं म्हणणं. त्याचा मोठा भाऊ आमच्याकडे आला. सीनियरांचा जन्म बांधाच्या भांडणांत गेलेला. त्यांनी अमली पदार्थांचा कायदा उघडला आणि चष्मा काढून ठेवला. आरोपी निर्दोष आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी जजसाहेबांना आधीच खात्री पटली तरच जामीन, असं त्यात लिहिलं होतं.

"हे काम वकिलाचं की ज्योतिषाचं?" ते म्हणाले. मग मला म्हणाले, "तू आपला नेहमीचा अर्ज टाइप कर. आणि त्याच्या बायकोला बरोबर घेऊ. कोपऱ्यात उभी राहून रडली की झालं."

सुनावणी अलिबागला होती. आम्ही चौघं एसटीने निघालो. टेंपोवाल्याची बायको नीट नेसलेली, अंबाड्यात अबोलीचा गजरा. सीनियरांनी गजरा काढायला सांगितला. तिने ऐकलं नाही.

कोर्टात सीनियर रंगात आले. "साहेब, ही अबला पाहा. चूल थंड आहे हिची."

जजसाहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. गजरा त्यांनाही दिसला असावा.

"बाई, घर कोण चालवतं?"

"मीच चालवते साहेब. लगीन झाल्यापासून. मासली इकते."

"मग नवरा काय करतो?"

"तो टेंपो चालवतो."

मागच्या बाकावरचे वकील हसले. सीनियर खाली बसले, ते दमले म्हणून की लाजेनं, मला कळलं नाही.

"सुटला तर पुन्हा असलं काही करील का?"

ती खरंच विचार करू लागली. "काय सांगू साहेब? दुपारी काय करल ते सकाली त्याला ठाव नसतं."

जामीन फेटाळला गेला. तिच्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. ती ढसाढसा रडली असती तरी त्या कलमापुढे काही चाललं नसतं. पण परतीच्या एसटीत दीर तिच्याकडे पाठ करून बसला आणि सीनियर एकटेच ड्रायव्हरमागच्या सीटवर जाऊन बसले.

"बाय, मी खोटं बोलले का?" तिने मला विचारलं.

"नाही."

"मंग हे रुसले कशाला?"

"नवरा सुटायला नको होता का तुम्हाला?"

"पायजे ना. माझा नवरा हाय तो." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "पन सतरा वर्सं बाजारात बसते मी. माज्यासमोर मला उपाशी म्हनतात, ते कसं ऐकून घेऊ?"

मला खूप हसू आलं आणि मग एकदम वाईट वाटलं. ते वाक्य मीच टाइप केलं होतं, तिला एक शब्दही न विचारता.

वरच्या कोर्टातही जामीन मिळाला नाही. खटला तीन वर्षांनी उभा राहिला. पंचाने साक्षीत सांगितलं की आपण गोण्या पाहिल्याच नाहीत, पंचनाम्यावर सही मात्र नाक्यावर वडापाव खाताना केली. टेंपोवाला निर्दोष सुटला. ती तीन वर्षं त्याने कोणत्या कलमाखाली भोगली, ते मला आजतागायत सापडलेलं नाही.

नंतर एकदा पनवेलच्या मासळी बाजारात दोघं दिसली. ती सुरमई कापत होती, तो मागे बसून बर्फ फोडत होता. बराच वाळला होता. मी न राहवून त्याला विचारलं, "आता तरी सांगा, गोण्यांचं ठाऊक होतं का?"

त्याने बायकोकडे पाहिलं.

"त्याला काय इचारता," ती कोयता न थांबवता म्हणाली, "कोर्टानं सोडलाय ना त्याला? सुरमई किती देऊ?"