जोगव्याचं पाचवं घर

नवस बोलताना माणूस शहाणं नसतं. आठ वर्षांपूर्वी इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून मी तुळजापूरच्या आईला म्हणाले, "माझी सून पहिल्यासारखी होऊ दे. पाच घरी जोगवा मागीन, तिला तुझ्या दारी आणीन, तुझी ओटी भरीन." नुसतं 'जगू दे' म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी देवीला अट घातली, आणि मग सहा वर्षं ती अट धरून तिच्याशी अबोला धरला.

सुनंदा ही माझ्या म्हादेवची बायको. माहेर मंगळवेढ्याचं. तिकडून गाडीवर मागे बसून येताना पदर चाकात गेला आणि ती डोक्यावर पडली. मेंदूला सूज आली म्हणून डॉक्टरांनी कवटीचा एक तुकडा काढला आणि तो नासू नये म्हणून तिच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवला. मला वाटलं डॉक्टर माझी थट्टा करतात. पण खरंच तसं करतात, आणि पुढे काही महिन्यांनी तो पुन्हा जागेवर बसवला. एकोणीस दिवस ती बेशुद्ध होती. मग नळीने खाणं, मग चमच्याने, मग हात धरून उभं राहणं. गिळायचं कसं हेसुद्धा तिला एका बाईंनी रोज येऊन शिकवलं. ती घरी आली तेव्हा गल्लीने पेढे खाल्ले. सगळे म्हणाले, देवीने वाचवली.

वाचवली, पण कुणाला? पहिली सुनंदा तोंडातून शब्द काढत नसे. माझ्यासारख्या तिखट सासूबरोबर तिने सात वर्षं निमूट काढली होती. ही परत आलेली सुनंदा मनात येईल ते बोलायची. शेजारीण भेटायला आली की, "तुमी लई बोलता, माझं डोकं दुखतंय, जावा आता." मिक्सर लावला की कान दाबून ओरडायची. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे. तिला वास कळेना, भाजी करपली तरी पत्ता नाही, म्हणून मी तिला चुलीपाशी जाऊ देईना. मग भांडीही नको, पाणीही नको. हातातलं एकेक काम मी काढून घेतलं आणि त्याला मी सेवा म्हणत होते. ती दिवसभर कॉटवर बसून भिंतीकडे बघायची आणि संध्याकाळी कशावरूनही पेला फेकायची.

पहिलं वर्ष लोक आले, दुसऱ्या वर्षी नातेवाईक तेवढे आले, तिसऱ्या वर्षी कुणीच आलं नाही. जे रस्त्यात भेटत ते तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलत, "बरी हाय का ही?" जणू ती तिथे उभीच नव्हती. म्हादेव कारखान्यात टॉवेलच्या मागावर असतो. तिकडून आला की तिला गोळ्या द्यायचा, वेणी घालायचा, आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा. त्याने कधी आवाज चढवला नाही. एकदा मात्र म्हणाला, "आई, मी हिचा नवरा न्हाई राह्यलो. वॉर्डबॉय झालो."

मैंदर्गीचा माझा भाऊ तेव्हापासून मागे लागला. सून माहेरी पाठवा, फारकतीचा कागद करा, म्हादेवचं वय गेलेलं नाही, दुसरी बघू. मी पहिल्यांदा त्याला शिव्या दिल्या. दुसऱ्यांदा गप्प बसले. तिसऱ्यांदा हो म्हणाले. हे लिहायला लाज वाटते, पण न लिहिता पुढचं सांगितलं तर ते खोटं होईल. मी स्वतःच्या हाताने तिच्या साड्यांची पिशवी भरली. रविवारी भाऊ तिला मंगळवेढ्याला पोचवणार होता. म्हादेव होही म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. सुनंदाला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं. तितं तरी कुनी बोलंल का माझ्याशी?" आणि परत भिंतीकडे बघायला लागली.

सून परत पाठवायची आणि नवस अंगावर ठेवायचा, हे मला पटेना. देवीने तिची बाजू पुरी केली नव्हती, पण मला आता कटकटच नको होती. शुक्रवारी सकाळी जोगव्याची परडी पुसून घेतली आणि सुनंदाला म्हणाले, चल. जोगव्याला पाच घरं लागतात आणि एकदा दारात 'उदो' म्हटलं की पसाभर पीठ पदरात पडल्याशिवाय मागे फिरत नाहीत. आधीची चार घरं ओळखीची होती. चारही ठिकाणी पीठ मिळालं, हळदीकुंकू मिळालं, आणि चारही बायका तिच्याकडे बघून चुकचुकल्या. एकीला सुनंदा म्हणाली, "काकू, तुमच्या पिठात किडे हायत." खरंच होते. मी तिला ओढत बाहेर आणलं.

पाचवं घर गल्लीच्या टोकाचं. तिथे आमच्या ओळखीचं कुटुंब राहत होतं. वर्षभरात मी त्या बाजूला गेले नव्हते. दारात उभी राहून मी मोठ्याने उदोकार केला आणि बाहेर आली ती डोक्यावरून ओढणी घेतलेली, पिठाच्या हातांची एक तरणी मुसलमान बाई. ओळखीचे लोक घर सोडून कधीच गेले होते. दाराच्या चौकटीवरचा चांदतारा मी बघितलाच नव्हता. आता पुढे होता येईना की मागे फिरता येईना. मी परडी घेऊन नुसती उभी.

"मावशी, आमच्यात हे कसं देतात मला म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "हळदीकुंकू न्हाई. पीठ हाय. पीठ चालतंय की?"

"पीठच लागतंय," मी म्हणाले.

तिने पीठ घातलं आणि मग जे सहा वर्षांत कुणी केलं नव्हतं ते केलं. सुनंदाकडे बघून तिलाच विचारलं, "अक्का, तुमचं नाव काय?" तिला काही ठाऊक नव्हतं ना. तिला वाटलं, दोन बायका आल्यात. सुनंदाने नाव सांगितलं आणि उलट विचारलं, "आत कोन खोकतंय?"

तिची सासू होती. अर्धांगवायू होऊन दोन महिने झालेली. मुमताज, म्हणजे ती बाई, म्हणाली की अम्मी काही केल्या जेवत नाही, घास घेतला की ठसका लागतो, मग तोंड मिटून घेते, चार दिवस नुसत्या पाण्यावर आहे. डोळे भरून आले तिचे. मी समजुतीचं काही बोलणार, एवढ्यात सुनंदा मला बाजूला सारून सरळ आत शिरली. मी मागे धावले. आता ही काय बोलणार, काय फेकणार!

ती म्हातारीच्या खाटेवर जाऊन बसली आणि तिथली खिचडीची वाटी उचलली. "आज्जी, मलाबी असंच झालतं. मान वर करून खाल्लं की ठसका लागतोच. हनुवटी खाली. छातीला लावा. अजून खाली. हां. आता गिळा. परत गिळा, घास नसला तरी. आता तोंड उघडा." म्हातारीने तोंड मिटलेलंच ठेवलं. सुनंदा म्हणाली, "लाज वाटती, व्हय ना? सून भरवती म्हणून? मला सासू भरवायची, आणि ही सासू कशी हाय बघा की." माझ्याकडे बोट. म्हातारीने माझ्याकडे बघितलं आणि वाकड्या तोंडाने हसली. हसताना तोंड उघडलं, सुनंदाने चमचा आत सारला. मऊ खिचडीचे अकरा चमचे गेले. एकदाही ठसका लागला नाही.

मी परडी घेऊन दारात उभी होते. सकाळचा चहा प्याले की नाही हे जिला आठवत नाही, तिला इस्पितळातल्या त्या बाईंनी शिकवलेला शब्द न् शब्द आठवत होता. आणि जी भीड तिच्या जिभेवरून गेली म्हणून मी सहा वर्षं रडले, ती भीड असती तर सुनंदा त्या खाटेजवळ फिरकलीही नसती. पहिली सुनंदा दारात पदर सावरून उभी राहिली असती. म्हातारी उपाशीच राहिली असती.

शनिवारी सकाळी माझा भाऊ आला. चहाची वाट बघत बसला होता तोच दारात मुमताज. "मावशी, अक्का हायत का? अम्मी म्हणती, ती खडूस बाई आली तरच जेवीन." म्हादेव दाढी करत होता. साबण तसाच गालावर ठेवून तो वळला. आमच्या दारात येऊन सुनंदाला विचारणारं माणूस त्याने सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. सुनंदा उठली, चपला शोधायला लागली. "आत्या, मी चालले," ती मला म्हणाली. "मामा, तुमचा च्या तुमी करा, मला येळ न्हाई."

म्हादेव तोंड धुऊन तिच्या मागोमाग गेला. तासाभराने एकटा परत आला. ओट्यावर न थांबता आत आला, खाली बसला आणि हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईतो हसला. "आई, मला म्हणाली, तुमी मधी मधी करू नका, भाईर बसा. आणि ती म्हातारी पण म्हणती, हां, बाहर बैठ." मग जरा थांबून म्हणाला, "रविवारचं राहू दे."

भाऊ म्हणाला, "राहू दे म्हंजे किती दिवस?"

मी त्याला विचारलं, "तुझी परतीची एसटी किती वाजता हाय?"

पिशवी मी तेव्हाच रिकामी केली. साड्या एकेक करून परत कपाटात ठेवल्या. आईने माझं मागणं ऐकलं नव्हतं आणि माझं गाऱ्हाणं मात्र ऐकलं होतं. तिने मला चुकीच्या दाराशी नेऊन उभं केलं, कारण ओळखीच्या दारात सुनंदाची कीव होती. त्या दारात तिची गरज होती. याला कुणी योगायोग म्हणेल. म्हणू दे. मी वाद घालायला बसलेली नाही.

त्याला दोन वर्षं झाली. सुनंदा अजून विसरते. गोळ्यांच्या वेळेला मोबाईल वाजतो. गर्दीत डोकं धरून बसते, रागावली की अख्ख्या गल्लीला कळतं. पण अम्मी आता काठीने चालतात, आणि सुनंदाला आणखी दोन घरांतून बोलावणं असतं. कुणी अर्धांगाचं, कुणी असंच डोक्यावर पडलेलं. जे मऊ बोलून होत नाही ते ती खडसावून करते. चूल मी तिला परत दिली. करपायचं असेल त्या दिवशी करपतं, आम्ही खातो. म्हादेव आणि ती आता भांडतात, नवराबायको भांडतात तसं, आणि मी मधे पडत नाही. तिच्याकडून पहिली सुनंदा मागायची नाही, एवढं मी मनाशी ठरवलं आणि माझ्याच डोक्यावरचं ओझं उतरलं. आपण देवापुढे हात पसरतो खरे, पण मुठी बंद ठेवून. मी उघडायला सहा वर्षं लावली.

सुनंदाला गर्दी सोसत नाही म्हणून राहून गेलेला नवस फेडायला गेल्या मंगळवारी आम्ही तिघं तुळजापूरला जाऊन आलो. मी ओटी भरली. ओठ हलवले, पण मागायला काही सुचेना, सगळं तुझंच, एवढंच म्हणाले. सुनंदा मात्र गाभाऱ्यासमोर मोठ्याने मागत होती, "आई, माझं डोकं दुखायचं कमी कर. अम्मीचा उजवा हात हलू दे. म्हादेवला जरा चांगला पगार मिळू दे. आणि आत्याच्या गुडघ्यांचं बघ, रातभर कण्हती, मला झोप न्हाई."

रांगेतल्या बायका हसल्या, म्हादेव हसला. मी हात जोडून तिच्या प्रत्येक मागणीला 'हो आई, हो आई' म्हणत उभी राहिले.