आसूढाळ घोडा

१९३७ साली माझा भाचा चोवीस वर्षांचा होता, आणि सरळ रस्ते आखायचा पगार घेऊन स्वतः वाकडा चालणारा असा दुसरा इंजिनेर अख्ख्या खानदेशात नव्हता. बाप लवकर गेला, म्हणून माझ्या बहिणीसकट त्याला मी रनाळ्याला माझ्या घरी आणलं, पुण्याला शिकवलं. लोक शाळेतून सुटायला इंजिनेर होतात. हा इंजिनेर होऊन पुन्हा शाळेत निघाला! आधी जिनिंगमध्ये लागला. बंद पडलेलं इंजिन तासाभरात चालू केलं, आणि हिवाळ्यात कापसातून ठिणगी का उडते ते बघत चार दिवस गंजीवर बसून राहिला. मालकाने घरी पाठवला. मग रस्त्यांच्या खात्यात गेला, तर मोजणीची साखळी टाकून मुंग्यांची रांग मोजायचा. एक दिवस म्हणाला, "मामा, माले सायन्स शिकनं शे, बंगलोरले."

"मी जित्ता शे तवलोंग नही!" माझी शाळा दोन इयत्ता, पण मी शब्द फिरवत नाही.

त्याच्या फिरतीसाठी घोडा घ्यायला आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेत गेलो. तिथे मला विचारल्याशिवाय कोणी घोडा घेत नसे. पठ्ठ्याने नेमका डोळ्याखाली केसांचा भोवरा असलेला निवडला. त्याला आसूढाळ म्हणतात.

"भाच्या, हाऊ घोडा मालकनं घर रडावस!"

"कितला घरे रडनात, मामा? कोनी मोजेल शे का?"

तिथेच पैज लागली. वर्षभर घरात कोणी रडलं की वहीत एक रेघ. शेजारच्या पाटलाच्या घराचीही मोजायची, कारण त्याचा सुलक्षणी घोडा मीच निवडून दिलेला. आमच्या रेघा जास्त भरल्या तर हा नोकरीत राहणार. नाहीतर मी स्वतः याला बंगलोरच्या वाटेला लावणार. मी हसत हसत हो म्हटलं.

मग काय, बहिणीने कांदा चिरला तरी मी वही घेऊन हजर. "कांदानं रडनं मोजानं नही, मामा!" पाटलाकडे मात्र सुना भांडल्या, म्हैस मेली, आणि विंचू चावल्यावर खुद्द पाटील गल्लीभर ऐकू जाईल असा रडला. पाटलीण कुडावरून ओरडायची, "भाऊ, तुम्हना आसूढाळ माले द्या, मन्हा सुलक्षणी तुम्ही ठेवा!"

वर्ष भरलं. आमच्या रेघा तीन, पाटलाच्या एकोणीस. नंदुरबार स्टेशनावर ट्रंक मीच गाडीत चढवली.

"घोडाले संभाळ, मामा."

"तू तुले संभाळ."

तो घोड्यावर आला होता. परतताना त्यावर मी बसलो, पहिल्यांदाच. वाट नीट दिसत नव्हती. धूळ होती म्हणा.

पैज तर आधीच संपली होती. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी, बहीण उठायच्या आत, मी वही काढली आणि आमच्या बाजूला एक रेघ ओढली.