पासावरचं नातं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एकदा मी माझ्या आईला मोलकरीण केलं. लोकांसमोर.

बारा वर्षं झाली. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. अंधेरीतलं खाजगी हॉस्पिटल, ऑफिसच्या विम्यावर मिळालेली दोन खाटांची खोली. बायको बाळंतपणाला माहेरी. म्हणून सोबतीला आई आली, मरोळच्या बाजारातली मासळीची जागा मावशीच्या हवाली करून.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त साहेब होते. त्यांच्या पत्नी सोबतीला होत्या. त्या बाईंनी आईकडे पाहिलं आणि पदर नाकाला लावला.

"सिस्टर, मासळीचा वास येतोय. कोणालाही वर सोडता का?"

वास नव्हता. आई दोनदा अंघोळ करून, लिंबाने हात घासून आली होती. बाईंना वास आला तो तिच्या कोळी लुगड्याचा.

सुपरवायझर आला. "सर, ह्या तुमच्या कोण?"

संध्याकाळी बॉस भेटायला येणार होते. मी कुठला, कोणाचा, ऑफिसात कोणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होऊ दिलं नव्हतं.

म्हणालो, "घरी कामाला आहेत."

आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. "हां," ती त्याला म्हणाली, "कामालाच हाय मी."

"मग हा पास नाही चालणार. पेशंटजवळ नातेवाईकच लागतो." त्याने तिच्या गळ्यातला पास काढून घेतला. ती गेली.

दुपारी ऑपरेशनला एकटा गेलो. शुद्धीवर आलो तर घशाला कोरड, पोटात आग. उलटी आली. धरायला कोणी नाही. बेल दाबत राहिलो. सिस्टर एक, खोल्या दहा. अंगावरच ओकलो, आणि तसाच पडून राहिलो. संध्याकाळी बॉस आलेच नाहीत.

सकाळी आयाने पेजेचा डबा आणून दिला. "तुमची बाई कालपासून गेटवरून हलत नाय. मालकाला एकदा बघू द्या, बोलते."

मालक.

डबा न उघडता उशाशी ठेवला. तेवढ्यात डॉक्टर आले. "आज चालायचं. सोबत कोण आहे?"

"आई. खाली गेटवर बसवलीय."

शेजारच्या बाई बोलल्याच. "अहो, ती कामवाली ना?"

"खोटं बोललो मी. कोळीण आहे ती, माझी आई. वास येत असेल तर खोली तुम्ही बदला."

खाली निरोप गेला, आणि पास गळ्यात घालून आई वर आली. दारातच थबकली, बाईंकडे बघत. मग आत शिरली. "उठ रं. टाक भार माझेवर. लाजू नको."

लाजू नको!

तिच्या खांद्यावर रेलून मी पॅसेजच्या टोकापर्यंत गेलो. मागच्या दिवसाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. अजूनही नाही.

बाईंना कसं सुनावलं, ते मी पुढे घरात, मित्रांत ऐटीत सांगितलं. आदला दिवस गाळून. आई समोर बसून ऐकायची. ती बोलली नाही म्हणून मी सुटलो, असं धरून चाललो. सुटलेलो नाही.

आई सत्तरीपुढे गेलीय. बायकोसमोर, मुलीसमोर, मी जे बोललो ते त्याच शब्दांत सांगून तिची माफी मागायची आहे. मी ती अजून मागितलेली नाही.