पाळण्याचा बाक

लाकडावर गोलाईचा बाक आखायचा असला की दगाबाबा मिस्त्री परकाराला हात लावत नसत. बांबूची पातळ कामटी घेत, तिची टोकं दोन खिळ्यांना टेकवत आणि मधून दोन्ही अंगठ्यांनी रेटत. ती गोलसर वाकली की तिच्या कडेने पेन्सिल फिरवायची. "जबरदस्ती नको. तिले वाकू दे," म्हणायचे.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही लिंबायतच्या कामगार वस्तीत पत्र्याच्या खोलीत राहत होतो. छताला पाळण्याची कडी पेलेना, म्हणून बाजारातून जमिनीवर डुलणारा पाळणा आणला. तो उलटला आणि माझ्या तान्ह्या मनूच्या कपाळाला खोक पडली. तेव्हापासून मी तिला मांडीवरून खाली ठेवीना. डोळा मिटला की ती पडलेली दिसे. कापडाच्या लूमवरून आलेला नवरा म्हणे, अशानं तूच जाशील. शेवटी त्याने शेजारच्या दगाबाबांना नवा पाळणा करायला सांगितलं.

"बाबा, मला पाळण्याचं नावही नको," मी तोंडावर सांगून टाकलं. गल्लीत मी फाटक्या तोंडाचीच होते. बाबा रागावले नाहीत. पाळण्याखालच्या डुलत्या पट्ट्यांसाठी दारात फळी मांडून त्यांनी कामटी वाकवली. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून मलाच हाक मारली. "पोर तुनी शे. रेघ बी तूच वढ."

मनूला खांद्यावर टाकून मी रेघ ओढली. चांगली आली असं मला वाटलं. बाबांनी एका जागी बोट ठेवलं. "आठे तुनं भ्याव दखाई ऱ्हायनं." माझी भीती, आणि रेघेत दिसते? नीट पाहिलं तर रेघ तिथे केसभर फुगली होती. ती पुसून त्यांनी मलाच पुन्हा ओढायला लावली.

मग दोन फळ्या एकीवर एक ठोकून रेघेच्या जराशी बाहेरून करवत, नंतर कानस, आणि शेवटी डोळे मिटून नुसता तळहात. हाताला काही खुपलं की पुन्हा कानस. माणसाच्या हाताला इतकं कळतं? मी आ वासून पाहत राहिले.

पाळणा झाल्यावर त्यात ज्वारीचं गाठोडं ठेवून बाबांनी तो पार कलंडवला. पाळणा निमूट परत आला.

मनूला त्यात ठेवलं खरं, पण कड धरूनच बसले. डोळा कधी लागला, कळलं नाही. जागी झाले तर दिवेलागण झालेली, मनू शांत आणि बाबा उंबऱ्यात बसलेले.

"इतका वेळ? स्वतःच्या पाळण्यावर भरवसा नव्हता वाटतं," मी डिवचलं.

"पाळणावर व्हता," ते म्हणाले. "तुले झोप लागस का, ते दखाले बठनू."