उंदराने राखलं, मी धुतलं

नात परवा माझ्या पेटीसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "आजी, हे तर व्हिंटेज आहे! इतकी वर्षं याला कुणी हात कसा नाही लावला?"

मी म्हटलं, "लावला की. मीच लावला. म्हणून तर ती अशी दिसते."

पेटी म्हणजे गिटारच्या स्पीकरची. कमरेएवढी उंच, काळं रेक्झिन चढवलेली, पुढच्या फळीला दोन मोठी गोल भोकं. एका भोकात स्पीकर आहे, दुसऱ्यात पोळपाट. त्या पोळपाटाबद्दल मी आजवर कुणाला काही सांगितलेलं नाही. सांगायचं तर माझ्या पंचविशीतल्या बाईबद्दल बोलावं लागतं, आणि त्या बाईची मला किळस येते.

लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी अकराव्या वर्षापासून हवाईयन गिटार वाजवायचे. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी कांडी सरकवत वाजवतात ती. त्या काळी पुण्यात बऱ्या घरच्या मुलींना ही गिटार शिकवत, कारण ती वाजवताना उभं राहून अंग हलवावं लागत नसे. लग्नानंतर मात्र चार माणसांसमोर एकदाही वाजवली नव्हती. घरात वाजवायला घेतली की सासूबाईंचं डोकं दुखायचं, अगदी पहिल्या सुराला. मग एके दिवशी कुणालाही न विचारता मी सोसायटीच्या गणपतीतल्या कार्यक्रमाला नाव देऊन टाकलं : इलेक्ट्रिक गिटारवादन, चौथा दिवस.

यांच्या ऑफिसातल्या एका हौशी गृहस्थांनी रेडिओच्या जुन्या सामानातून अॅम्प्लिफायर जुळवून दिला होता. त्याला जोडायला स्पीकर हवा होता. तो मी जुन्या बाजारातून आणला, टांग्यात घालून, आणि राणी आल्यासारखी दारात उतरले.

सासूबाईंनी पदर नाकाला लावला. "काय मेलंय ह्यात?"

प्रश्न अगदी योग्य होता. विकणारा म्हणाला होता, पेटी लष्कर भागातल्या एका हॉटेलच्या बँडची, विलायती. विलायतीपणाचा पुरावा म्हणून नावाच्या पट्टीची चार भोकं शिल्लक होती, पट्टी नव्हती. उचलायची मूठ नव्हती. चार कोपऱ्यांपैकी एका कोपऱ्याचं पत्र्याचं टोपण नव्हतं. दोनांपैकी एक स्पीकर नव्हता. मागची फळी अर्धी होती, आणि त्या अर्ध्या फळीआडून जो वास येत होता त्यात शिळी दारू होती, विडीची थोटकं होती, आणि खाली काहीतरी कोमट, गोडसर होतं, ज्याचं नाव घ्यायची माझी हिंमत नव्हती. आत हात घातला तर मऊ लागलं. उंदराचं घरटं. चिंध्या, कापूस, चावून चावून पीठ केलेला कागद, आणि त्यात सुकून मनुका झालेली तीन पिल्लं. फळीच्या कडेने झुरळांची अंडी ओळीने चिकटलेली, कुणीतरी हौसेने टिकल्या लावल्यासारखी.

मी मोरीत जाऊन ओकले. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "चौथ्या दिवशी वाजली तर राहू दे. नाही वाजली तर ही परत जुन्या बाजारात आणि ती तुझी गिटार माळ्यावर. मग पुन्हा विषय नको."

"चालेल," मी आतूनच म्हणाले. गिटार एकदा माळ्यावर गेली की परत उतरत नाही, हे आम्हां दोघींनाही ठाऊक होतं. त्यांची स्वतःची सतार तिथेच होती.

आता खरा पराक्रम ऐका. कुठल्याही शहाण्या माणसाने ती पेटी झटकली असती, पुसली असती, उन्हात ठेवली असती. पण मी स्वच्छ घरातली. आमच्याकडे घाण पुसत नाहीत, धुतात. मी बंब पेटवला, घमेलंभर रिठे भिजवले, साडी खोचली आणि पेटीला आंघोळ घातली. आतून, बाहेरून, वर फिनेलचं पाणी. मग उरलेला एकुलता एक स्पीकर स्क्रू काढून मोकळा केला. त्याच्या कागदी कर्ण्यावर उंदराच्या लेंड्या पडलेल्या पाहिल्या आणि मी तो रिठ्याच्या गरम पाण्यात बुडवला. नुसता बुडवला नाही, हलक्या हाताने चोळला. लोकरीचा स्वेटर चोळतात तसा.

कर्णा दुधातल्या बिस्किटासारखा हातात आला.

पेटीही फुगली. दुसऱ्या दिवशी तिच्या फळ्या सांध्यांतून अशा सुटल्या, की चारी बाजूंनी जांभई दिल्यासारखी दिसत होती. गणपतीला तीन आठवडे होते. यांनी एकदा बादलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "निदान स्वच्छ तरी झाली." पुणेरी नवऱ्याकडून सहानुभूती मिळते ती अशी.

बुधवार पेठेत रेडिओच्या दुकानांच्या ओळीत, एका जिन्याखाली, स्पीकरना नवा कागद बसवणारे एक चाचा होते. जाळीची पांढरी टोपी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, बोटं कायम गोंदाने चकचकीत. स्पीकर त्यांच्यापुढे ठेवून मी म्हणाले, "असाच मिळाला."

त्यांनी उचलला आणि नाकाशी नेला. "रिठा आहे. चांगला रिठा. आमच्या घरी शाली धुतात ह्याने."

मी पिशवीतली सुटी नाणी मोजू लागले.

"बाई, ह्यात उंदीर राहिला, त्याची बायको राहिली, बाळंतपणं झाली. पण त्याने कर्ण्याला दात लावला नाही. आणि तुम्ही एका दुपारी..." पुढचं वाक्य त्यांनी सभ्यपणे गिळलं आणि चहा मागवला.

चहा आला. काचेचा ग्लास, कडेला कुणाच्या तरी बोटांचे ठसे, वर सायीचा पापुद्रा. मला त्या ग्लासाची किळस आली, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज लिहिते आहे तर खरं लिहिते : समोरच्या उडप्याकडे असाच ग्लास, असेच ठसे, असाच पापुद्रा असे, आणि तो मी मिटक्या मारत प्यायचे. मला अडत होता तो ग्लास नव्हे, ग्लास पुढे करणारा हात. मी म्हणाले, "माझा उपास आहे."

"उपासाला चहा चालतो की, बाई. ह्या पेठेत अर्धे लोक उपासाला चहावरच जगतात."

"निर्जळी आहे," मी म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि ग्लास स्वतःकडे ओढला. उंदराच्या पिल्लांनी मला ओकायला लावलं होतं. पण आज डोळ्यांपुढे पिल्लं आली तर काही होत नाही. तो ओढलेला ग्लास आठवला की हातातला चहा मी खाली ठेवते.

पुढच्या खेपेला आम्ही पेटीही टांग्यातून नेली. हे पेटी उतरवून ऑफिसला गेले. नवा कर्णा बसला होता. चाचा शेगडीवर एका डबड्यात काहीतरी तपकिरी उकळत होते. असा वास मी जन्मात घेतला नव्हता. ओलं कुत्रं, जळके केस आणि नासकं वरण, एकत्र.

"हे काय?"

"सरस. फळ्या जोडायला."

"कशाचा करतात?"

"जनावराच्या हाडांचा. कातड्याचा."

मी जिन्याच्या बाहेर जाऊन उभी राहिले. "हा नको. आमच्या घरात असलं चालत नाही. दुसरं काहीतरी लावा."

"दुसरं आहे. पण फुगलेल्या फळीवर, आत कर्णा थरथरत असताना, त्याचा भरवसा मी देणार नाही. तुमचा कार्यक्रम कधी आहे?" मग ढवळता ढवळता अगदी सहज त्यांनी विचारलं, "घरी देव्हारा आहे?"

"आहे."

"लाकडी? जुना?"

"आजेसासऱ्यांच्या वेळचा."

"मग त्याच्या सांध्यांतून सरस आलाय की घरात. पूजाच होते त्याची रोज."

मला राग आला, मग हसू आलं, मग त्या वासाने दोन्ही घालवलं. मी नाक दाबून म्हणाले, "लावा."

"दुसरं भोक बुजवून घ्या," ते म्हणाले. "दुसरा असला स्पीकर मिळायचा नाही. भोक उघडं राहिलं तर आवाज मागच्या मागे पळेल. जाड, गोल लाकूड पाहिजे." आणि मग, अगदी गंभीर चेहऱ्याने, "आजही निर्जळी?"

मी मान डोलावली. वार बुधवार होता, तिथी कसलीच नव्हती.

सरस वाळून पेटी घरी आली आणि मी गोल लाकूड शोधू लागले. पाटाचे तुकडे, पिंपाची झाकणं, काहीच बसेना. कार्यक्रमाला दोन दिवस राहिले तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकघरातून त्यांचा जुना पोळपाट आणून माझ्यापुढे आपटला. "भेग गेलीय ह्याला. पोळी चिकटते. टाकूनच देणार होते."

भेग अगदी केसाएवढी होती. पोळपाट भोकात असा बसला, की जणू मोजून केलेला. त्यांनी आधी मोजलं असावं. 

चौथ्या दिवशी मंडपात दिवे तापले तशी पेटी घमघमली. रिठा, फिनेल, सरस, आणि सगळ्यांच्या तळाशी तो पहिला उंदीर, अजून जिवंत असल्यासारखा. पहिल्या रांगेतले सेक्रेटरी रुमालात शिंकले. सासूबाई पदर नाकाला लावून मधोमध बसल्या होत्या. मी कांडी तारेवर ठेवली. सूर निघाला, लांबला, मंडपाच्या मागच्या कनातीपर्यंत गेला. खर्जात पोळपाट जरा गुरगुरला. डोकं दुखलं म्हणून कुणीच उठलं नाही. सासूबाई शेजारणीला मोठ्याने म्हणाल्या, "तो खालचा आवाज आहे ना, तो आमचा पोळपाट."

गिटार माळ्यावर गेली नाही. पुढच्या आठवड्यात सतार मात्र खाली उतरली. दोन तारा नव्हत्या, आणि माळ्याचा वास होताच.

विसर्जन झाल्यावर मी डब्यात मोदक घेऊन बुधवारात गेले. चाचांनी फक्त विचारलं, "वाजली?"

"वाजली."

त्यांनी डबा उघडला. सारणात काय आहे, कुणी वळले, कुठल्या भांड्यात, एक शब्द नाही. गोंदाची बोटं मांडीवरच्या फडक्याला पुसली आणि एक मोदक तोंडात टाकला. चघळत म्हणाले, "वेलची जास्त झालीय." मग चहावाल्या पोऱ्याला हाक मारायच्या आधी मला विचारलं, "आज कुठला उपास?"

"आज कुठलाच नाही," मी म्हणाले.

ग्लास आला. तेच ठसे, तोच पापुद्रा, आणि साखर एवढी, की चमचा उभा राहावा. इतका भिकार चहा मी आजतागायत प्यायलेले नाही. पापुद्रा ओठाला चिकटला, तोही गिळला. ग्लास रिकामा करून खाली ठेवला, आणि चाचांनी काही विचारायच्या आत म्हणाले, "अजून एक सांगा."