लस म्हणजे नेमकं काय

मारेगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर मी नर्स होते. कोरोनाची पहिली लाट ओसरली, त्या सुमारास गावातल्या एका मावशीचा पाय उकळत्या पाण्यानं भाजला. महिनाभर ती रोज ड्रेसिंगला यायची. मी पट्टी सोडली की दुसरीकडे बघत विचारायची, "लस येते का अजून?"

जखमेतून जे पातळ पाणी झरतं, त्याला आमच्याकडे लस म्हणतात. "लसच आहे, पू नाही. चांगलं आहे," असं मी तिला निदान वीस वेळा सांगितलं असेल. जखम भरली. मावशीनं मला तुरीच्या शेंगा आणून दिल्या.

पुढं लसीकरण सुरू झालं. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून मीच ओरडले, "सगळ्यांनी लस घ्या." पहिल्या दिवशी सहा जण आले, त्यातले चार ग्रामपंचायतीतलेच. म्हणून मी मावशीच्या घरी गेले. ती शेजारणींसोबत गहू निवडत होती.

"सिस्टर, महिनाभर तुमीच माह्या पायाची लस पुसून फेकली," ती म्हणाली, "अन् आता लसच टोचून घ्या म्हणता. काहून?"

"ही लस वेगळी आहे, मावशी."

"मंग नाव काहून एकच हाय?"

शेजारणींनी हातातलं काम थांबवलं. मी उद्या सांगते म्हणाले आणि निघाले.

माझे सासरे तरुणपणी गावोगाव देवीची लस टोचत फिरायचे. संध्याकाळी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "बाई बरोबर बोलते. देवीची लस म्हशीच्या पारडाच्या अंगावर फोड आणून त्यातून काढत. त्याच्याही आधी म्हणे एका पोराच्या दंडावरच्या फोडातलं पाणी घेऊन दुसऱ्याला टोचायचे. ते पाणी म्हणजे लस. पुढं टोचायच्या औषधालाच लस म्हणू लागले."

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. मावशीनं पोलक्याची बाही वर केली. दंडावर देवीचा गोल वण होता.

"म्हंजे माह्या अंगात पारडाची लस हाय?"

"असेल."

तिनं बाही खाली ओढली. "माह्या सुनेले सांगू नका," ती म्हणाली. "अन् आताची कशाची हाय?"

"आताची कारखान्यात बनते. कोणाच्या फोडातली नाही."

मावशी सुपातला गहू तसाच ठेवून उठली. शेजारणीही मागोमाग आल्या. त्या दिवशी आमची लस दुपारीच संपली.

आठवड्यानं मावशी उपकेंद्रावर आली आणि दंड माझ्यासमोर धरला.

"पाहा. फोड नाही, लस नाही, काईच नाही. तुमची सुई उठलीच नाही."

देवीच्या वेळी फोड आला नाही तर पुन्हा टोचायचे, हे तिच्या लक्षात होतं. मी म्हणाले, दुसरा डोस आहेच, तारीख मी कळवते. ती तारखेच्या चार दिवस आधीच येऊन बाकावर बसली.